आंबा बागेत फळमाशीसाठी गंध सापळे: पहिल्यांदा लावणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

हापूसची बाग पहिल्यांदाच स्वतः राखायला घेतलेल्या माणसाला तुडतुडे आणि भुरी यांची ओळख लवकर होते, कारण मोहर काळा पडला की तो कोणाच्याही नजरेत येतो. फळमाशीचे काम सालीच्या आत चालते. बाहेरून निर्दोष दिसणारा आंबा पेटीत भरला जातो, आढीत पिकतो आणि गिऱ्हाइकाने कापल्यावर त्यातून पांढऱ्या आळ्या निघतात. तोवर मोहरापासून केलेला सगळा खर्च त्या फळात जाऊन बसलेला असतो.

हा लेख कोकणातील आंबा बागायतदारांना, विशेषतः शहरातून परत येऊन वडिलोपार्जित कलमे सांभाळू लागलेल्या मंडळींना समोर ठेवून लिहिला आहे. पेरू, चिकू किंवा सीताफळ करणाऱ्यांनाही यातले बहुतेक लागू पडेल. आमच्या कलमबागेत हे सापळे दर हंगामात लागतात, आणि नव्या माणसाचा गोंधळ नेमका कुठे होतो हे मी जवळून पाहिले आहे.

पुढच्या सगळ्या पायऱ्या एका गोष्टीवर उभ्या आहेत, ती आधी सांगतो. बाजारात मिळणारा मिथाइल युजेनॉल या वासाच्या आमिषाचा सापळा फक्त नर माश्या पकडतो. फळाला भोक पाडून अंडी घालणारी मादी त्याच्याकडे फिरकत नाही. त्यामुळे केवळ सापळ्यावर विसंबलेल्या बागेत बाटलीही माश्यांनी भरते आणि फळेही किडतात, आणि मग सापळ्यांवरचा विश्वासच उडतो. सापळे वेळेवर लावले, शेजारच्या बागांनीही लावले आणि जोडीला झाडाखालची जमीन स्वच्छ ठेवली, तर मात्र ते खर्चाच्या मानाने फार मोठे काम करतात.

१. आधी माशी आणि तिचे नुकसान ओळखा

आंब्यावरची मुख्य फळमाशी म्हणजे बॅक्ट्रोसेरा डॉर्सॅलिस. तिच्याबरोबर बॅक्ट्रोसेरा करेक्टा आणि बॅक्ट्रोसेरा झोनाटा या जातीही सापळ्यात सापडतात. अंग तपकिरी-काळसर, त्यावर पिवळे पट्टे, पंख पारदर्शक आणि चण घरमाशीपेक्षा किंचित लांबट. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती लहानशी गांधीलमाशीच वाटते. मादीच्या पोटाच्या टोकाला अणकुचीदार अंडनलिका असते, नराला ती नसते. घरात पिकलेल्या केळ्यांवर घोंगावणारी बारीक चिलटे हा वेगळा कीटक आहे, त्यामुळे चिलटांसाठी सांगितले जाणारे व्हिनेगरचे उपाय बागेत करण्यात अर्थ नाही.

मादी तयार होत आलेल्या फळाच्या सालीखाली अंडी घालते. त्या जागी टाचणी टोचल्यासारखा बारीक ठिपका उमटतो आणि कधी कधी त्यातून चिकाचा थेंब बाहेर येऊन वाळतो. एक ते तीन दिवसांत अंडी फुटतात, आळ्या गर खात आत शिरतात, ठिपक्याभोवतीचा भाग तपकिरी आणि मऊ पडतो, आणि बरेचदा फळ देठातून सुटून खाली येते. पूर्ण वाढलेली आळी फळातून बाहेर पडून जमिनीत शिरते, काही सेंटिमीटर खोलीवर कोषात जाते आणि साधारण एक ते दोन आठवड्यांत माशी होऊन बाहेर येते. उन्हाळ्यात हा सगळा फेरा तीन-चार आठवड्यांत पुरा होतो. याचा अर्थ असा की मार्चमध्ये पडलेल्या फळांतून निघालेल्या माश्या एप्रिल-मे महिन्यांतल्या फळांवर बसतात. हंगामाच्या सुरुवातीचा आंबा चांगला निघतो आणि शेवटचा किडका निघतो, त्यामागे हेच मुख्य कारण असते. वळवाच्या सरींनी जमीन ओलावली की त्यात आणखी भर पडते.

साका आणि फळमाशी यांची गल्लत फार होते. साक्यामध्ये फळाचा गर आतून पांढुरका, स्पंजासारखा आणि आंबूस होतो, पण त्यात आळी नसते आणि सालीवर टोचल्याची खूण नसते. साका हा फळाच्या आतला दोष असून तो कोणत्याही सापळ्याने कमी होणार नाही. म्हणून शंका आलेली चार-सहा फळे कापून पाहावीत. एक पडका आंबा पांढऱ्या कागदावर ठेवून उभा चिरला, तर आळ्या गरातून बाहेर येतात, अंगाचे वेटोळे करून दोन्ही टोके जवळ आणतात आणि ताड्कन उडी मारून वीतभर लांब पडतात. ही उडी ज्याने एकदा पाहिली, त्याला पडके फळ झाडाखाली का ठेवू नये हे पुन्हा सांगावे लागत नाही.

२. सापळा कसा काम करतो हे समजून घ्या

बिहारमधील पुसा येथील कृषी संशोधन संस्थेत काम करणारे कीटकशास्त्रज्ञ हाउलेट यांनी १९१२ साली असे नोंदवले की सिट्रोनेला तेलाच्या वासावर फळमाशीचे नर मोठ्या संख्येने येतात. पुढे १९१५ मध्ये त्यांनीच त्यामागचा घटक मिथाइल युजेनॉल असल्याचे दाखवले. आज जगभर वापरले जाणारे हे तंत्र अशा रीतीने आपल्याकडच्याच निरीक्षणातून निघाले आहे. काही प्रकारच्या तुळशीतही हा घटक असतो, त्यामुळे तुळशीचा पाला ठेचून सापळ्यात ठेवण्याचा उपाय काही जण सांगतात. माश्या त्यावर येतात हे खरे, पण वास फार लवकर उडून जातो आणि रोज नवा पाला ठेचणे बागेत कोणालाच जमत नाही.

नरांचा नाश करून माशीची पैदास थांबवणे हा या सापळ्यामागचा विचार आहे. त्यातली अडचण अशी की एक नर अनेक माद्यांशी संग करतो. अर्धे नर मारले तरी उरलेले अर्धे सगळ्या माद्यांना पुरेसे होतात, त्यामुळे जवळजवळ सगळेच नर हटवले तेव्हाच अंडी निकामी जातात. शिवाय बाहेरच्या बागेत संग झालेली मादी उडत आली, तर तुमच्या बागेतले नर संपले काय किंवा राहिले काय, तिला फरक पडत नाही. प्रशांत महासागरातील रोटा या बेटावर १९६० च्या दशकात मिथाइल युजेनॉल आणि कीटकनाशक शोषलेले तुकडे सर्वत्र टाकून ही माशी पूर्ण नाहीशी केली गेली, आणि जपाननेही आपल्या दक्षिणेकडील बेटांवरून १९८६ पर्यंत तिचे उच्चाटन केले. तिथे चारही बाजूंनी समुद्र होता. आपल्या दोन एकरांच्या कलमबागेला फक्त गडगा (दगडी कुंपण) असतो, हे लक्षात ठेवून अपेक्षा ठरवाव्यात.

मिथाइल युजेनॉल हे आंबा, पेरू, चिकू अशा फळझाडांवरील माश्यांसाठी आहे. परसातल्या दुधी, कारली, पडवळ, काकडी यांच्यावर येणारी माशी वेगळ्या जातीची असते आणि तिच्या नरांसाठी क्यू ल्यूर नावाचे दुसरे आमिष मिळते. दुकानात नुसता ‘फळमाशीचा ल्यूर’ (ल्यूर म्हणजे आमिष) मागितला तर यांपैकी कोणताही हातात पडू शकतो. म्हणून पिकाचे नाव सांगून मागावा आणि पाकिटावरचे आमिषाचे नाव स्वतः वाचून घ्यावे. दोन्ही आमिषे एकाच सापळ्यात कधीही ठेवू नयेत.

३. साहित्य जमवा

हंगामाच्या आधी पुढील वस्तू एकत्र करून ठेवाव्यात: सापळे आणि त्यांना पुरतील इतके ल्यूर, शिवाय हंगामाच्या मध्यावर बदलण्यासाठी तितकेच आणखी ल्यूर, टांगण्यासाठी गंज न चढणारी तार, तारेला लावण्यासाठी ग्रीस, रबरी हातमोजे, सापळ्यांवर क्रमांक लिहिण्यासाठी न पुसणारा मार्कर, मेलेल्या माश्या ओतून मोजण्यासाठी पांढरे ताट किंवा जुना कागद, पडकी फळे गोळा करण्यासाठी झाकण लागणारी बादली, जाड काळ्या प्लास्टिकच्या पिशव्या, आणि एक नोंदवही. ल्यूर घेताना पक्के बिल घ्यावे आणि पाकिटावरील उत्पादनाची व मुदतीची तारीख तपासावी. उघड्यावर ठेवलेला, पाकीट फुटलेला किंवा दुकानात उन्हात लटकवलेला माल घेऊ नये, कारण ज्याचा वास दुकानातच उडून गेला आहे तो बागेत काय काम करणार?

४. सापळा विकत घ्या किंवा घरी बनवा

दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने विकसित केलेला ‘रक्षक’ सापळा कोकणात सर्वांना परिचित आहे. नव्या माणसाने पहिल्या हंगामात तयार सापळाच वापरावा असे माझे मत आहे, कारण त्यात भोकांचे माप, आमिषाची जागा आणि पावसापासूनचा आडोसा यांचा विचार आधीच झालेला असतो.

घरी बनवायचा असेल तर पाण्याची एक लिटरची रिकामी, स्वच्छ बाटली पुरते. बाटलीच्या वरच्या तिसऱ्या भागात समोरासमोर तीन किंवा चार भोके पाडावीत. भोक साधारण दीड ते दोन सेंटिमीटरचे असावे आणि ते तापवलेल्या खिळ्याने सुरू करून कात्रीने गोल करावे. झाकणाला बारीक छिद्र पाडून त्यातून तार ओवावी, तारेच्या आतल्या टोकाला ल्यूर असा बांधावा की तो भोकांच्या पातळीवर लोंबकळत राहील, आणि बाहेरच्या टोकाचा आकडा करावा. बुडाला सुईने दोन-तीन छिद्रे पाडली म्हणजे पावसाचे पाणी साचत नाही. ल्यूरमध्ये कीटकनाशक मिसळलेले नसेल, तर मात्र बुडाला छिद्रे न पाडता तळाशी दोन बोटे साबणाचे पाणी ठेवावे, म्हणजे माश्या त्यात बुडून मरतात. आपला ल्यूर कोणत्या प्रकारचा आहे हे पाकिटावर दिलेले असते.

ल्यूर घरी तयार करण्याची कृतीही प्रसिद्ध आहे. इथाइल अल्कोहोल, मिथाइल युजेनॉल आणि मॅलॅथिऑन ६:४:१ या प्रमाणात मिसळून त्यात रंग किंवा वार्निश नसलेले प्लायवुडचे साधारण ५ सेंटिमीटर लांबी-रुंदीचे तुकडे ४८ ते ७२ तास भिजवून ठेवतात. म्हणजे ६० मिलिलिटर अल्कोहोल, ४० मिलिलिटर मिथाइल युजेनॉल आणि १० मिलिलिटर मॅलॅथिऑन. गटाने एकत्र येऊन, जाणकाराच्या देखरेखीखाली हे करणे ठीक आहे. एकट्या नवख्या माणसाने स्वयंपाकघराच्या ओट्यावर ते करू नये. अल्कोहोल पेट घेते, मॅलॅथिऑन विषारी आहे, आणि प्राण्यांवरील चाचण्यांत मिथाइल युजेनॉलमुळे कर्करोग होत असल्याचे दिसले आहे, त्यामुळे ते कातडीला लागू देऊ नये.

जुन्या पत्रकांमध्ये आणि अजूनही फिरणाऱ्या संदेशांमध्ये सापळ्यात डायक्लोरव्हॉसचे थेंब टाकायला सांगितलेले असते. त्या कीटकनाशकावर आपल्या देशात ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. कोणाच्या घरी जुनी बाटली शिल्लक असली तरी ती वापरू नये.

५. कधी, किती आणि कुठे लावावे

वेळ सर्वांत महत्त्वाची. झाडावरची फळे अंड्याएवढी झाली की सापळे टांगलेले असले पाहिजेत, म्हणजे कोकणात साधारण फेब्रुवारी ते मार्च, आणि काढणीच्या किमान दीड महिना आधी. किडके फळ दिसल्यावर सापळे आणायला धावणारे बागायतदार दर वर्षी भेटतात. तोवर एक पिढी जमिनीत उतरलेली असते आणि संग झालेल्या माद्या फळांवर फिरत असतात, त्यामुळे तेव्हा लावलेल्या सापळ्याचा त्या हंगामात फारसा लाभ होत नाही.

संख्येबाबत विद्यापीठाच्या सल्ल्यात हापूससाठी हेक्टरी ४ रक्षक सापळे सांगितले जातात. १० मीटर बाय १० मीटरवर लावलेल्या बागेत हेक्टरी १०० कलमे बसतात, तेव्हा हे प्रमाण पंचवीस कलमांना एक सापळा असे पडते. इतर पिकांसाठी आणि इतर बनावटीच्या सापळ्यांसाठी यापेक्षा जास्त संख्या सांगितली जाते, आणि पावसाळी पेरूच्या बागेत तर ती नक्कीच जास्त लागते. ज्याची बाग लहान आणि सगळीकडून दुसऱ्यांच्या बागांनी वेढलेली आहे, त्याने दोन सापळे वाढवायला हरकत नाही.

जागा निवडताना कलमाच्या घेराच्या आत, खालच्या फांदीवर, जमिनीपासून पाच-सहा फूट उंचीवर, सावलीत आणि वारा खेळेल अशा ठिकाणी सापळा टांगावा. भर उन्हात ल्यूर लवकर सुकतो. पालवीच्या दाट गर्दीत माशीला भोक सापडत नाही, म्हणून सापळ्याच्या सर्व बाजूंनी वीतभर जागा मोकळी करावी. सगळे सापळे वाटेच्या कडेला लावण्याचा मोह होतो, कारण तिथे फेरी सोपी पडते. पण उताराच्या खालच्या टोकाला, पऱ्ह्याजवळच्या (ओहोळाजवळच्या) ओलसर सावलीत आणि रायवळ (कोयीपासून वाढलेल्या) आंब्याच्या झाडांच्या जवळ माशी जास्त असते, तिथे सापळा हवाच.

टांगायच्या तारेला मधोमध ग्रीसचा एक पट्टा द्यावा. तो नसेल तर मुंग्या दोन दिवसांत सापळा शोधून काढतात आणि मेलेल्या माश्या तुकडे करून घेऊन जातात. बाटलीत नुसते पंख उरलेले दिसले, तर माशी कमी झाली असे समजू नये. मुंग्यांची रांग शोधावी.

ल्यूर हाताळताना हातमोजे घालावेत आणि ते काढल्याशिवाय सापळ्याच्या बाहेरील भागाला, फांदीला किंवा फळाला हात लावू नये. आमिषाचा वास बाहेर लागला तर नर माश्या बाटलीच्या आत शिरण्याऐवजी बाहेरच बसून राहतात.

६. दर आठवड्याला फेरी मारा आणि नोंद ठेवा

आठवड्यातला एक वार ठरवून सगळे सापळे रिकामे करावेत. माश्या पांढऱ्या ताटात ओताव्यात, मोजाव्यात आणि सापळ्याच्या क्रमांकासमोर वहीत लिहाव्यात. खूप असतील तर एक चमचा मोजून चमच्यांच्या संख्येने गुणले तरी चालते. मेलेल्या माश्यांचा खच आत राहिला की ल्यूर झाकला जातो आणि दुर्गंधी सुटते, म्हणून मोजायचे नसले तरी रिकामे करणे चुकवू नये.

नोंदीतून एकच आकडा काढायला शिकावे: दर सापळ्यामागे दर दिवशी किती माश्या. समजा ४ सापळ्यांत ७ दिवसांत १४० माश्या पडल्या, तर १४० भागिले २८, म्हणजे ५. हा आकडा आठवड्यागणिक चढतो की उतरतो ते पाहावे. काढणी तोंडावर असताना तो एकाएकी चढला, तर तयार फळे झाडावर ठेवण्यात धोका आहे. एकाच सापळ्याचा आकडा इतरांपेक्षा फार जास्त येत असेल, तर त्याच्या आसपास किडकी फळे कुठे पडून आहेत ते शोधावे. बहुधा गडग्यापलीकडे एखादे दुर्लक्षित पेरूचे किंवा जामाचे झाड सापडते.

आकडा शून्यावर आल्यास आधी ल्यूर संपला का ते तपासावे. साधारण ३० ते ४५ दिवसांनी ल्यूर बदलावा लागतो. काही प्रकार जास्त दिवस टिकतात, त्यामुळे पाकिटावरची मुदत प्रमाण मानावी आणि लावल्याची तारीख सापळ्यावरच लिहून ठेवावी. अवकाळी पाऊस झाला तर ठरलेल्या वाराची वाट न पाहता दुसऱ्या दिवशीच फेरी मारावी.

७. पडलेली फळे उचला

या पायरीला कंटाळून बहुतेक बागा हरतात. एका किडक्या आंब्यात आळ्यांची मोठी संख्या असते, आणि झाडाखाली पडून राहिलेले प्रत्येक असे फळ पुढच्या पिढीची सोय करून देते. सापळा आठवडाभरात जेवढे नर पकडतो, तेवढ्या नव्या माश्या, आणि त्यांतल्या निम्म्या माद्या, एका पाटीभर पडक्या फळांतून निघू शकतात.

फळे तयार होऊ लागल्यापासून एक दिवसाआड, आणि एप्रिलनंतर शक्य असेल तर रोज, झाडाखालची फळे झाकणाच्या बादलीत गोळा करावीत. आळी फळातून बाहेर पडण्याआधी फळ उचलले गेले पाहिजे, म्हणून आठवड्यातून एकदा केलेली सफाई पुरत नाही. झाडावर लटकलेली मऊ, डागाळलेली फळेही त्याच वेळी काढून घ्यावीत.

गोळा केलेल्या फळांचे काय करायचे, यात मोठी फसगत होते. ती उकिरड्यावर, शेणखताच्या खड्ड्यात किंवा बांधाच्या पलीकडे टाकली की आळ्यांना मऊ, ओलसर माती आयतीच मिळते आणि माश्या पुन्हा बागेतच येतात. वर हातभर माती ओढून बुजवणेही पुरेसे नाही, कारण उथळ पुरलेल्या फळांतून माश्या वर येऊ शकतात. दोन मार्ग खात्रीचे आहेत. एक, जाड काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत फळे भरून तोंड घट्ट बांधावे आणि ती कातळावर भर उन्हात दहा-पंधरा दिवस ठेवावी. आतल्या उष्णतेने आळ्या मरतात. दोन, दोन ते तीन फूट खोल खड्डा करून फळे टाकावीत आणि माती चोपून बसवावी. जांभ्या कातळावरच्या बागेत इतका खड्डा होत नाही, तिथे पिशवीचा मार्ग बरा. गुरे असतील तर ताजी पडकी फळे त्यांना लगेच खायला घालता येतात, पण ढीग करून ठेवू नये.

जिथे माती आहे तिथे कलमाच्या घेराखाली हलकी कुदळणी केल्यास कोष वर येतात आणि ऊन, मुंग्या व पक्षी त्यांचा फडशा पाडतात. मुळे दुखावतील इतके खोल खणू नये.

बाग खंडाने किंवा कराराने दिली असेल, तर पडकी फळे रोज उचलणे कोणाची जबाबदारी आहे ते करारपत्रात लिहून घ्यावे. व्यापाऱ्याचे लक्ष झाडावरच्या फळाकडे असते आणि मालक समजतो की बाग सध्या व्यापाऱ्याच्या ताब्यात आहे; या दोघांच्या मध्ये जमिनीवरचा आंबा सडत राहतो.

८. मादीसाठी वेगळा उपाय करा

मादीला अंडी तयार होण्यासाठी प्रथिने लागतात आणि ती गोड, आंबलेल्या वासाकडेही येते. याचा उपयोग करून आमिष फवारणी करतात. प्रथिनयुक्त आमिष किंवा ते न मिळाल्यास १० लिटर पाण्यात १०० ग्रॅम गूळ, आणि त्यात आंब्यासाठी मान्यता असलेले कीटकनाशक लेबलवर दिलेल्या मात्रेत मिसळून, ते द्रावण फळांवर न उडवता खोडावर आणि खालच्या पानांवर ठिकठिकाणी जाडसर शिंपडतात. कोणते कीटकनाशक घ्यावे आणि काढणीपूर्वी किती दिवस थांबावे हे दर वर्षी तालुका कृषी अधिकाऱ्याकडून किंवा कृषी विज्ञान केंद्राकडून विचारून घ्यावे, कारण मान्यतेच्या याद्या बदलतात. परदेशी माल पाठवणाऱ्यांनी तर ज्या देशात आंबा जाणार तिथली अवशेषांची मर्यादाही आधी पाहावी.

थोडी कलमे असणाऱ्यांसाठी फळांना कागदी पिशव्या घालणे हा रसायनाशिवायचा चोख उपाय आहे. फळ अंड्याएवढे झाल्यावर साधारण २५ बाय २० सेंटिमीटरची वर्तमानपत्राच्या कागदाची पिशवी घालून तोंड देठाशी सैल न ठेवता बांधावे. मजुरी लागते, पण डाग नसलेले, उजळ रंगाचे फळ मिळते आणि मादीला सालीपर्यंत पोहोचताच येत नाही.

९. वेळेवर काढणी करा

हापूस चौदा आणे (सोळा आणे म्हणजे पूर्ण पक्व) तयार झाला की काढावा. तो झाडावर सोळा आणे होऊ दिला, तर वजन थोडे वाढते आणि माशीचा धोका त्याहून अधिक वाढतो. देठासह झेल्याने (जाळी लावलेल्या काठीने) काढलेले फळ सावलीत ठेवावे, निवडताना टोचल्याचा ठिपका आणि मऊ डाग पाहून वेगळे काढावे, आणि शंकेची फळे आढीत इतरांबरोबर घालू नयेत.

निर्यातीचा विचार असणाऱ्यांनी हे प्रकरण गांभीर्याने घ्यावे. २०१३ मध्ये भारतातून गेलेल्या फळे व भाज्यांच्या २०७ मालांत फळमाशी व इतर किडी आढळल्याने युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून आपल्या आंब्यावर, तसेच कारली, पडवळ, वांगी आणि अळूवर बंदी घातली, आणि ती आंब्यासाठी २०१५ च्या सुरुवातीला उठवली. तेव्हापासून तिकडे जाणाऱ्या आंब्यावर ४८ अंश सेल्सिअसच्या गरम पाण्यात ६० मिनिटांची प्रक्रिया करावी लागते. अमेरिकेसाठी विकिरण आणि जपानसाठी उष्ण बाष्प प्रक्रिया असते. या प्रक्रियेने आतली अंडी व आळ्या मरतात, पण पोखरलेला गर भरून येत नाही. निर्यातीसाठी मँगोनेट या सरकारी ऑनलाइन प्रणालीवर बागेची नोंदणी करताना सातबारासारखी कागदपत्रे लागतात, आणि तपासणीच्या वेळी सापळे लावल्याच्या तारखा व फवारण्यांची वही दाखवावी लागते. सहाव्या पायरीतली नोंदवही तिथे कामाला येते.

१०. शेजाऱ्यांना बरोबर घ्या

फळमाशी सहज एका बागेतून दुसरीत जाते, त्यामुळे वाडीतल्या सगळ्यांनी एकाच आठवड्यात सापळे लावले तरच नरांची संख्या खऱ्या अर्थाने खाली येते. ग्रामपंचायतीच्या किंवा गावातल्या सोसायटीच्या बैठकीत हा विषय फेब्रुवारीआधी मांडावा, ल्यूर एकत्र खरेदी करावेत आणि मुंबईत राहणाऱ्या मालकांच्या बंद बागांचे काय करायचे ते ठरवावे. अशा बागांत फळे कोणी काढत नाही आणि पडलेली कोणी उचलत नाही. मालकाला फोन करून, तुमच्या बागेत दोन सापळे लावतो आणि पडकी फळे उचलून घेतो, अशी परवानगी मागितली तर सहसा कोणी नाही म्हणत नाही.

११. हंगाम संपल्यावर

शेवटची तोड झाल्यावर झाडावर राहिलेली बारीकसारीक फळे, शेंड्याची असोत वा रायवळची, उतरवून घ्यावीत. आवारात पेरू, चिकू किंवा जाम असेल तर एक-दोन सापळे पावसाळ्यातही तिथे चालू ठेवावेत, कारण आंबा संपल्यावर माशी त्या झाडांवर जगते आणि पुढच्या मोसमात परत येते. बाकीचे सापळे साबणाने धुऊन, तारा काढून सावलीत ठेवावेत. वापरलेले ल्यूर विहीर, पऱ्ह्या आणि गुरांच्या वाटेपासून लांब, खोल पुरावेत. पुढच्या वर्षासाठीचे नवे ल्यूर स्वस्त मिळतात म्हणून जूनमध्ये घेऊन ठेवू नयेत. पावसाळाभर घरात पडून त्यांचा जोर कमी होतो, म्हणून जानेवारीअखेर तारीख पाहून ताजा माल घ्यावा.